बी-सत्तावीस

मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठ लाकडासारखी, चालायला लागलं की मोकळी. दोन वर्षं मी ऑफिसच्या खुर्चीला शिव्या घालत होतो! एमआरआयनंतर नाव कळलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. यात मणक्याच्या सांध्यांना सूज येते आणि काही जणांचे मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात. मामाची वाकलेली पाठ आठवली आणि पोटात गोळाच आला.

मग काय, रात्रभर वाचत बसलो. गंमत म्हणजे ही टेस्ट पाठदुखीसाठी शोधलेलीच नव्हती. किडनी बदलताना दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरच्या खुणा जुळतात का, हे बघायला होती ती. लॉस एंजेलिसच्या पॉल तेरासाकींनी १९६४ साली थेंबाहूनही कमी सीरममध्ये होणारी चाचणी बसवली. (दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून या अमेरिकन पोराला घरच्यांसकट छावणीत डांबलं होतं. असो, तो वेगळा लेख.)

एवढी सोपी चाचणी हाताशी आल्यावर ती इतर रोगांवर लावून बघणं आलंच. एप्रिल १९७३ मध्ये एकाच महिन्यात दोन निबंध छापून आले. तेरासाकींच्या गटाला या रोगाच्या ४० रुग्णांपैकी ३५ जणांत बी२७ सापडलं. गाऊट आणि आमवाताच्या रुग्णांत असलं काही नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलमध्ये डेरिक ब्रुअर्टन यांना ७५ पैकी ७२ रुग्णांत, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांत फक्त ३. रुग्णांचे आईवडील, भावंडं, मुलं असे ६० जण तपासले, तर त्यात ३१. म्हणजे जवळपास नाणेफेकच.

हा शेवटचा आकडा मी मूर्खासारखा फोनवर ताईला सांगितला. ती लगेच, "अरे, मग चिनूची पण टेस्ट करून टाकू का?"

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. ७५ पैकी ७२ हे रुग्णांतले बी२७वाले. ताईचा प्रश्न नेमका उलटा होता: बी२७वाल्यांतले रुग्ण किती? ते शंभरात साधारण पाचेक. घरात कुणाला असेल तर जास्त, पण तरीही बहुतेकांना काही होत नाही. इंजिनीअरिंगला प्रॉबॅबिलिटीचा अख्खा पेपर दिला होता मी, तरी!

चिनू सात वर्षांचा आहे, दिवसभर गच्चीवर क्रिकेट खेळतो. पाठ-बीठ काही दुखत नाही त्याची. मी म्हटलं, "नको गं. दुखायला लागली आणि सकाळी आखडली, तर मात्र खुर्चीला दोष देऊ नकोस."