संकेतस्थळाचीं पहिलीं साधनें



अमरावतीहून यवतमाळकडे जातांना वाटेंत नेर परसोपंत हें तालुक्याचें गांव लागतें. तेथील एखाद्या शाळकरी मुलानें विचारलें, "मला संकेतस्थळ तयार करावयाचें आहे, आरंभीं कोणतीं साधनें जमवूं?" तर त्याला काय उत्तर द्यावें? दुकानदार लांबलचक यादी देईल. इतिहास फार लहान यादी देतो. परंतु तींतील एक वस्तु मराठी माणसाच्या हातीं बरीच उशिरां आली. आज मुख्यतः तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

१८३१ सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत मराठी पंचांग शिळाछापावर छापलें. त्यासाठीं यंत्र आणि शाई यांची सारी खटपट त्यांना स्वतः करावी लागली. त्यानंतर दीडशें वर्षें मजकूर प्रसिद्ध करणें म्हणजे छापखाना उभारणें किंवा छापखानेवाल्याच्या दारीं जाणें, हाच नियम होता.

१९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं परस्परांशीं जोडलेल्या लेखांची योजना मांडली. पुढील वर्षाच्या अखेरीस एच.टी.एम.एल. ही खुणांची भाषा, ती वाचणारा ब्राउझर आणि पानें पुरविणारा सर्व्हर हीं तीनहि अंगें त्यांनीं सिद्ध केलीं. या भाषेचें मर्म असें कीं, तिच्यांतील पान म्हणजे निव्वळ साधा मजकूर; हा मथळा, हा परिच्छेद, हा दुवा, एवढ्या खुणा त्यांत पेरलेल्या असतात. म्हणून तें लिहावयास नोटपॅडसारखा साधा संपादकहि पुरतो. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही विद्या सर्वांस विनामूल्य खुली केली. १९९५ सालीं पानाला हालचाल देणारी जावास्क्रिप्ट आली. १९९६ सालीं त्याला रूप देणारी सी.एस.एस. प्रमाण ठरली. दरम्यान १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सामान्य ग्राहकांसाठीं इंटरनेट सुरू केलें होतें.

मग मराठी पानें लगेच कां फुललीं नाहींत? अडचण अक्षरांची होती. संगणक अक्षर जाणत नाहीं, क्रमांक जाणतो. त्या काळीं फाँट विकणारा प्रत्येकजण रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर आपल्या मर्जीप्रमाणें देवनागरी आकृति बसवीत असे. ज्याच्याजवळ तोच फाँट नसे, त्याच्या पडद्यावर 'क'च्या जागीं भलतेंच चिन्ह उमटे. वास्तविक उपाय अगोदरच निघालेला होता. इस्की ही भारतीय लिपींची संकेतावली १९९१ सालीं भारतीय मानक झाली. आणि तिच्या १९८८ सालच्या मांडणीवरूनच युनिकोडनें १९९१ च्या आपल्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा दिला. परंतु प्रमाण ठरणें निराळें आणि घरोघर पोंचणें निराळें. विंडोज २००० पासून ही सोय सामान्य यंत्रांत येऊं लागली. २००३ सालीं मराठी विकिपीडिया सुरू झाला. जुन्या फाँटांत टंकलेला पुष्कळ मजकूर मात्र आजहि रूपांतर केल्यावांचून वाचतां येत नाहीं.

म्हणून नेरच्या त्या मुलाला मी सांगेन: एक साधा संपादक घे, हवा तर २०१५ सालीं आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड घे, तोहि विनामूल्य आहे. एक ब्राउझर घे. त्यांत कोणत्याहि पानाचा मूळ मजकूर उघडून पाहतां येतो, तीच तुझी उमेदवारी. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घे. आणि पानाच्या आरंभींच यूटीएफ-८ हें अक्षरसंकेताचें नांव लिहावयास विसरूं नकोस. ही एक ओळ मराठी माणसाला फार दिवसांनीं लाभली आहे.

गणपत कृष्णाजींना यंत्रासाठीं झटावें लागलें. तुला तें आयतें मिळालें आहे. उणें आहे तें मजकुराचें. नेरच्या बाजाराचा, शाळांचा, पिकांचा वृत्तांत नेरकरानेंच लिहावयाचा; आणि तो असा लिहावयाचा कीं, पन्नास वर्षांनीं कोणाच्याहि यंत्रावर उघडला तरी त्यांतील 'क' हा 'क'च राहील.