कोंबड्यांच्या खुराड्याचा विस्तार
मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याच राज्यातील कन्नौद (जिल्हा देवास) परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. कोंबडीला घाम येत नाही; ती चोच उघडून धापा टाकत अंगातील उष्णता बाहेर टाकते. म्हणून खुराड्यालगतचे जाळीचे अंगण बंदिस्त करताना चारही बाजूंना पूर्ण भिंती घालणे जिवावर बेतू शकते. भिंत गुडघाभर उंच बांधून वर छतापर्यंत अर्धा इंची वेल्डमेश जाळी बसवावी. मुंगूस उकरून आत शिरू नये, यासाठी पाया फूटभर खोल घ्यावा. प्रत्येक प्रौढ पक्ष्यामागे सुमारे २ चौरस फूट जागा राखावी. जमिनीवरील तूस कोरडा ठेवावा. ओलसर तुसातून अमोनिया वायू सुटतो व पक्ष्यांना श्वसनविकार जडतात.