न दिसणारी जखम : अश्व-गर्दभांच्या श्वासपटलाचा हर्निया आणि पांजरपोळांची परंपरा

नाशिक नगरीत १८८९ साली ट्राम सुरू झाली, तेव्हा तिला इंजिन नव्हते. मेन रोडवरील जुन्या नगरपालिका इमारतीपासून नाशिकरोड रेल्वे स्थानकापर्यंतचे आठ-दहा किलोमीटरचे अंतर चार घोडे दोन डबे ओढीत कापत असत. पुढे पेट्रोलचे इंजिन आले आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ट्रामही इतिहासजमा झाली. टांगे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ धावत राहिले. गोदाकाठची वाळू आणि भट्ट्यांतील विटा गाढवांच्या पाठीवरून वाहिल्या गेल्या. या मुक्या जिवांचा झिजलेला खूर नालबंदाला दिसे, खोगिराखालची जखम मालकाला दिसे. परंतु त्यांना होणारी एक जखम अशी आहे की ती कोणालाच दिसत नाही.

छाती आणि उदर यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पातळ पडदा असतो. घोडा घसरून आदळला, गाडीची धडक बसली, ओझ्यासकट गाढव खड्ड्यात कोसळले, किंवा घोडीला प्रसूतीच्या वेळी अतिशय कळा द्याव्या लागल्या, तर हा पडदा फाटू शकतो. क्वचित जन्मतःच त्यात छिद्र असते. त्या वाटेने आतडी छातीत शिरतात. यालाच श्वासपटलाचा हर्निया म्हणतात. यात एक चकवा आहे. मोठ्या फटीतून आतडी कधी कधी मोकळेपणाने ये-जा करतात आणि जनावर कित्येक महिने काम करीत राहते. उलट लहान छिद्रात आतड्याचा वेढा आवळला जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत प्राणांशी गाठ पडते.

बाहेरून दिसतो तो केवळ शूळ. घोडा पाय आपटतो, कुशीकडे वळून पाहतो, लोळतो, घामाने भिजतो. श्वास जोरात चालेलच असे नाही. शूळाची कारणे अनेक असल्याने प्राचीन अश्ववैद्यकाच्या परंपरेत तसेच पुढील काळातील अश्ववैद्यांकडे काढे, शेक आणि फिरवणे हेच उपाय राहिले. पडदा फाटला होता, हे कळे ते बहुधा मृत्यूनंतर, आणि तेही शवविच्छेदन झाले तरच. लष्करी छावण्यांत असाध्य घोड्याला गोळी घालण्याचा प्रघात होता. जैन समाजाने निराळा मार्ग स्वीकारला.

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून दंगल उसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जैन श्रेष्ठी मोतीशा शेठ (मोतीचंद अमीचंद) आणि पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई यांनी पुढाकार घेऊन भुलेश्वर परिसरात पांजरपोळ उभारला. नाशिक-पंचवटी पांजरपोळाची स्थापना १८७८ सालची. तत्त्वार्थसूत्रात अहिंसा-अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ म्हणजे प्राण्यावर शक्तीबाहेर ओझे लादणे हा एक आहे. विटांनी लादलेले गाढव ज्याने पाहिले आहे, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पांजरपोळांनी अशा निकामी ठरलेल्या जिवांना चारा, पाणी आणि अखेरपर्यंत आसरा दिला. ही सेवा फार मोठी होय. तथापि आसरा म्हणजे निदान नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. फाटलेल्या पडद्यावर चाऱ्याचा उपयोग होत नाही.

ही उणीव भरून काढणारे पाऊल मुंबईतच पडले. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्यातून परळ येथे बाई साकरबाई पशुरुग्णालय १८८४ साली उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दयेच्या अंगणात शास्त्र आले, असे म्हणता येईल.

तरीही मूळ प्रश्न तसाच होता. १९२८ साली साबरमती आश्रमात वेदनांनी तळमळणाऱ्या एका असाध्य वासराला गांधीजींनी मृत्यू देवविला, तेव्हा गुजरातेतील जैन समाजात तीव्र प्रतिक्रिया उमटली. कोणाची बाजू बरोबर, हा वाद आजही मिटलेला नाही. मात्र घोड्याच्या या विकारासंबंधी पाहिले, तर दोन्ही पक्ष ज्या ‘असाध्य’ शब्दावर भांडत होते, तो शब्द खात्रीने उच्चारण्याइतके निदान जनावर जिवंत असताना त्या काळी क्वचितच होई. ज्या दुखण्याचे निदानच होत नाही, ते असाध्य ठरवणार कसे?

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा असला तरी प्रौढ घोड्याची रुंद छाती भेदण्यास शक्तिशाली यंत्र लागते. चित्रात श्वासपटलाची रेषा तुटलेली, हृदयाची छाया पुसलेली आणि छातीत वायूने फुगलेली आतडी दिसली, तर संशय दृढ होतो. सोनोग्राफीने हे काम अधिक सुकर केले. गुदमार्गे हात घालून तपासता उदर रिकामे भासणे, छातीच्या खालच्या भागावर ठोकल्यास बद्द आवाज येणे, याही खुणा आहेत. छातीत आतड्यांची गुरगुर ऐकू येणे ही खूण मात्र फसवी आहे, कारण निरोगी घोड्यातही पोटातले आवाज तेथवर पोहोचतात. अनेकदा पोट उघडल्यावरच निदान होते.

शस्त्रक्रिया खरी अवघड होते ती श्वासामुळे. उताण्या घोड्याला अशा स्थितीत स्वतः श्वास घेता येत नाही, म्हणून यंत्राने श्वास द्यावा लागतो. १९५६ नंतर प्रचारात आलेल्या हॅलोथेनसारख्या भुलीच्या औषधांनी आणि श्वसनयंत्रांनी हे शक्य झाले. पोट मधोमध उघडून आतडी हलकेच खाली ओढतात, मृत भाग कापून जोडतात, आणि फट टाक्यांनी अथवा कृत्रिम जाळीने बुजवतात. फट पाठीच्या कण्यालगत असेल तर तेथवर हातच नीट पोहोचत नाही. मोठ्या घोड्यांत यश आजही कमीच. लहान वयाच्या, ताज्या आणि छोट्या फटीच्या रुग्णांत आशा अधिक. भारतीय शल्यवैद्यांना या विकाराचा अनुभव मुख्यतः म्हशींमुळे मिळाला, कारण वैरणीबरोबर गिळलेली तार वा खिळा म्हशीच्या श्वासपटलाला इजा करतो.

गाढवाची कथा अधिक करुण आहे. घोडा लोळून सांगतो, गाढव सांगत नाही. तीव्र वेदनेतही ते केवळ मान खाली घालून उभे राहते, चारा सोडते, कळपापासून दूर होते. मालक त्याला आळशी समजून काठी उगारतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात गाढवे सुमारे १ लाख २० हजार उरली होती. २०१२ च्या तुलनेत ही घट ६१ टक्के होती. उरलेली बहुतेक आजही ओझ्याखालीच आहेत.

नाशिकहून परळ सुमारे १७० किलोमीटर, मध्ये कसारा घाट. शूळ झालेल्या जनावराला पडल्याचा वा धडकेचा पूर्वेतिहास असेल, तर तो पशुवैद्यास प्रथम सांगावा. चारा तत्काळ थांबवावा, पळवू नये, बांबूच्या नळीने काढा पाजू नये, कारण आधीच दबलेल्या फुप्फुसात तो उतरण्याची भीती असते. वाहनात नेण्यापूर्वी पशुवैद्याकडून नाकावाटे नळी घालून जठरातील दाब कमी करून घ्यावा. घोड्याला आणि गाढवाला उलटी करता येत नाही.