सवलत आली, नोकरी गेली : खान्देशातील काही नोंदी

वर्धापनदिनाची ही स्मरणिका निघत असताना आपल्या पोटापाण्याचाही थोडा इतिहास लिहून ठेवावा, असे आम्हांस वाटले. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी विहारांची वीट रेल्वेच्या, ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नाहीतर गिरणीच्या पगारातून आली आहे. तो पगार कसा मिळाला आणि कसा गेला, हे मुलांना कोण सांगणार?

1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे बाबासाहेबांनी तिथेच सांगितले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो नि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ होतो! मुंबईच्या गिरण्यांतही साचेखाते आपल्याला बंद होते. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, हे त्याचे कारण. मालक खाजगी असला की जात फाटकावरच उभी राहते, हा तेव्हाचा अनुभव. 1947 साली बाबासाहेबांनी प्रमुख उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत असे लिहिले, ते वाचताना हाही अनुभव ध्यानात ठेवावा.

पुढे भुसावळची रेल्वे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचे वीज केंद्र इथे आपली माणसे लागली. 1974 च्या कायद्याने चाळीसगावची आणि धुळ्याची आजारी गिरणीही सरकारने घेतली.

मात्र 1956 ला धम्मदीक्षा घेतल्यावर केंद्राच्या सवलती बौद्धांना बंद झाल्या होत्या. महाराष्ट्र राज्याने 1960 पासून दिल्या, पण रेल्वे आणि ऑर्डनन्स पडली केंद्राची. म्हणून मनाने बौद्ध आणि दाखल्यावर हिंदू महार, अशी कसरत घरोघरी चाले. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पोट होते. शेवटी 1990 साली कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना केंद्राची सवलत मिळाली. चौतीस वर्षे वाट पाहिली होती!

आणि लगेच 1991 उजाडले. परकीय चलन आटले, सोने गहाण पडले, जुलैत रुपयाची किंमत उतरवली आणि 24 जुलैच्या अर्थसंकल्पाने नवे आर्थिक धोरण आले. त्याच वर्षी आजारी उद्योगांचा कायदा बदलून सरकारी कारखानेही त्याखाली आणले गेले. 1992 ला राष्ट्रीय नूतनीकरण निधी निघाला. कामगारांना नवे शिक्षण द्यायचे असे बोलले गेले, पण बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीत गेला. स्वेच्छा कोणाची, ते गिरणी कामगारालाच विचारा.

1991 पूर्वी सगळे आलबेल होते असेही नाही. सरकारी गिरण्यांची यंत्रे जुनाट होती, कारभार ढिला होता आणि यंत्रमागाने कापड केव्हाच पळवले होते. त्या आज ना उद्या बसल्याच असत्या. आमचे दुखणे वेगळे आहे. गिरणी गेल्यावर जी नवी कामे निघाली ती खाजगी, आणि तिथे आरक्षण नाही. रेल्वेत 1991 च्या सुमारास साडेसोळा लाख माणसे होती, 2020 च्या सुमारास साडेबारा लाखांवर आली. गाड्या काही कमी झाल्या नाहीत! साफसफाई नि असली पुष्कळ कामे ठेकेदाराकडे गेली. 2005 ला वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, 2021 ला ऑर्डनन्सच्या. टक्केवारी कागदावर तशीच आहे, पण ती लावायला जागाच कमी.

आमच्या ओळखीच्या एका घरात आजोबा रेल्वेतून पेन्शन घेऊन निवृत्त झाले. नातू त्याच फलाटावर झाडू मारतो, ठेकेदाराकडून. यंदा वर्गणीची पावती फाडायला गेलो तर म्हणाला, "काका, दोन महिन्यांचा पगार अडकलाय, आला की आणून देतो." आजोबांनी आतून हाक मारली आणि त्याच्या नावाची पावती स्वतःच्या पेन्शनमधून फाडायला लावली.