झिरपणारी हवा : नवी मुंबईच्या घरबांधणीतील एक दुर्लक्षित प्रश्न

इमारतीच्या फटींतून किती हवा आत-बाहेर जाते, हे मोजण्याचे शास्त्र थंड प्रदेशांत विकसित झाले. 1973 च्या तेलसंकटानंतर घर उबदार ठेवणे तेथे महाग झाले. 1977 च्या सुमारास स्वीडनमध्ये खिडकीत पंखा बसवून घराची चाचणी घेतली जाऊ लागली. अमेरिकेत पुढे हा पंखा दारात आला. आतील व बाहेरील दाबात 50 पास्कलचा फरक टिकविण्यासाठी पंख्याला जितकी अधिक हवा ढकलावी लागते, तितक्या इमारतीत फटी अधिक, असे हे साधे गणित आहे.

त्याच दशकात ठाणे खाडीपलीकडे आकारास येणाऱ्या नवी मुंबईपुढील प्रश्न नेमका उलटा होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून या शहराची कल्पना मांडली. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली व कोरिया तिचे मुख्य वास्तुशिल्पज्ञ होते. बेलापूरच्या त्यांच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये (1983-86) बैठी व दुमजली घरे सामायिक चौकांभोवती असून प्रत्येक घरास स्वतःचे अंगण दिले होते. दमट हवेत घाम वाळविणारा वारा हीच येथील खरी सोय. फट हा दोष नव्हे. रहिवाशांनी पुढे यांतील अनेक घरे पाडून वाढविली, हा भाग वेगळा.

वातानुकूलन यंत्रे आली आणि फटीचा अर्थ बदलला. बाहेरून झिरपणारी हवा केवळ उष्णता नव्हे, बाष्पही आणते. ते काढून टाकण्यात वीज खर्च होते. 2007 च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने व्यापारी इमारतींच्या बहुतेक खिडक्या-दारांसाठी दर चौरस मीटरला सेकंदास 2 लिटर ही गळतीची मर्यादा घातली. याउलट निवासी इमारतींसाठीच्या 2018 च्या इको निवास संहितेने उष्ण-दमट प्रदेशात उघडता येणारे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान 16.66 टक्के असावे असे म्हटले. भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेवर मात्र दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा ठेवली. कार्यालय बंदिस्त व घर खुले, असा हा भेद कागदावर सरळ दिसतो. वाशी-नेरुळच्या सदनिकेत तो टिकत नाही. तीच खोली संध्याकाळी वाऱ्यासाठी उघडी असते, रात्री यंत्र चालू होताच बंद होते आणि दाराखालची फट पायपुसण्याने बुजविली जाते. अशा खोलीत पंख्याची चाचणी घेताना झरोक्याची काचपट्टी उघडी धरावी की बंद, येथूनच मतभेद सुरू होतात.