पार्थेनॉनला तडे कशाने गेले?

अथेन्स शहराच्या मध्यभागी अॅक्रॉपोलिस नावाची खडकाळ टेकडी आहे. ती चढून माथ्यावर आलो की समोर अथेना देवीचे मंदिर दिसते. हेच पार्थेनॉन. आज त्याला छप्पर नाही, आतल्या भिंती बऱ्याचशा नाहीत. जवळजवळ अडीच हजार वर्षांचे देऊळ काळाच्या ओघात पडले असेल, असे आपल्याला सहज वाटते. पण दगड जवळून पाहू लागलो की निराळीच हकिगत कळते.

इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सैन्याने या टेकडीवरची देवळे जाळली. पुढे पेरिक्लीसच्या काळात, इ.स.पू. ४४७ मध्ये, पार्थेनॉनचे काम सुरू झाले. इक्टिनॉस व कॅलिक्रेटिस हे त्याचे वास्तुकार, तर शिल्पकामाची देखरेख फिडियासकडे होती. मंदिर सुमारे ७० मीटर लांब आणि ३१ मीटर रुंद आहे. बाहेरच्या बाजूने रुंदीकडे ८ आणि लांबीकडे १७ खांब. कोपऱ्यातले खांब दोनदा मोजायचे नाहीत, म्हणजे एकूण ४६.

मंदिराचे जोते सपाट दिसते, पण तसे ते नाही. लांब बाजूला मध्यभागी ते टोकांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच आहे. खांबही किंचित आत कललेले आहेत. फ्रान्सिस पेनरोज या इंग्रज वास्तुकाराने १८४६-४७ मध्ये ही मापे बारकाईने घेतली. या बाकामुळे प्रत्येक दगड आपापल्या जागेसाठीच घडवावा लागला. एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही.

हे दगड चुन्याने जोडलेले नाहीत. शेजारच्या दोन दगडांत खाचा करून त्यांत लोखंडी पकड बसवायची आणि भोवती वितळलेले शिसे ओतायचे, अशी रीत होती. शिशामुळे लोखंडाला हवा व पाणी लागत नसे. शिवाय ते मऊ असल्याने भूकंपाचा हादरा थोडाफार सोसून घेई.

मंदिर टिकले याचे आणखी एक कारण म्हणजे ते वापरात राहिले. पुढे ते चर्च झाले आणि पंधराव्या शतकात तुर्की अंमल आल्यावर मशीद झाले. व्हेनिसच्या सैन्याने १६८७ मध्ये अथेन्सला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी त्यात दारूगोळा साठवला होता. २६ सप्टेंबरला तोफेचा गोळा आत पडला आणि स्फोटात मधला भाग उडाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी काढून नेली. १८१६ पासून ती ब्रिटिश म्युझियमकडे आहेत.

एवढे झाल्यावरही उभे असलेले दगड पुढे फुटू लागले, ते दुरुस्तीमुळे. निकोलाओस बालानोस या अभियंत्याने १८९८ पासून १९३३ पर्यंत, मध्ये खंड पडत, जीर्णोद्धाराचे काम केले. पडलेले खांब उभे केले, दगड पुन्हा जोडले. पण नव्या लोखंडी पकडींना त्याने शिशाचे आवरण दिले नाही. पावसाचे पाणी आत शिरले आणि लोखंड गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. दगडाच्या पोटात ती जागा मिळेना, तेव्हा संगमरवरालाच तडे गेले. काही दगड भलत्या ठिकाणीही बसवले गेले होते.

ग्रीक सरकारने १९७५ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली. पुढच्या कामात जुने लोखंड काढून टायटॅनियमचे गज व पकडी बसवण्यात आल्या. हा धातू गंजत नाही आणि तापल्यावर फारसा प्रसरण पावत नाही. मानोलिस कोरेस व सहकाऱ्यांनी मापे व खाचा जुळवून कित्येक दगडांच्या मूळ जागा शोधल्या.

वर्गात हे थोडक्यात दाखवता येईल. लोखंडी खिळे घ्या. निम्म्या खिळ्यांवर मेणाचा जाड थर द्या, निम्मे तसेच ठेवा. सगळे ओल्या कापसात आठवडाभर ठेवा आणि रोज निरीक्षण लिहा. मग मुलांना विचारा : मेणाला कुठे चीर राहिली तर काय होईल?

आम्हाला यात एक मोठा धडा दिसतो. बालानोसचा हेतू चांगला होता, कष्टही होते. मात्र जुन्या कारागिरांनी शिसे का ओतले, हा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही. आपल्या गावातले जुने देऊळ किंवा वाडा दुरुस्त करायला घेताना तरी हा प्रश्न आधी विचारायला हवा.