बोर्ड मेलाय, की त्याला कोणी उठवलंच नाही? छोट्या कॉम्प्युटरच्या ‘बूट’ होण्याची गोष्ट

आजचा भाग एका मेलेल्या बोर्डाबद्दल आहे. म्हणजे, मी ज्याला मेलेला समजलो होतो त्याच्याबद्दल.

मे महिना, जळगाव. पारा ४५ च्या आसपास. फायनल इयरचं प्रोजेक्ट होतं: केळीच्या बागेतली माती किती ओली आहे ते बघून पंप चालू-बंद करायचा. मेंदू म्हणून एक रास्पबेरी पाय. व्हायवाच्या आदल्या रात्री लाईट गेली. परत आली तेव्हा बोर्डावरचा लाल दिवा लागला, पण हिरवा एकदाही लुकलुकला नाही. पार्टनर म्हणाला, “गेला. जळाला.” उसने पैसे घेऊन सकाळी दुसरा बोर्ड आणला, जुन्यातलं कार्ड त्यात टाकलं आणि तोही तसाच मुका!

शेवटी धुळ्याच्या एका सिनियर दादाला फोन लावला. त्याने एकच विचारलं, “अरे, हिरवा दिवा किती वेळा लुकलुकतो?” म्हटलं, एकदाही नाही. “मग बोर्ड कशाला बदलला? त्याला उठवणाराच कार्डात नाहीये.”

हे वाक्य कळायला थोडं मागे जावं लागेल.

कॉम्प्युटरची जुनी अडचण अशी: प्रोग्राम मेमरीत आणायला प्रोग्रामच लागतो. मग पहिला प्रोग्राम कोण आणणार? स्वतःच्या बुटाची नाडी ओढून स्वतःलाच वर उचलण्यासारखा हा प्रकार. ‘बूटस्ट्रॅप’ हा शब्द तिथूनच आला आणि त्याचंच पुढे ‘बूट’ झालं. १९७५ च्या अल्टेअर ८८०० वर हा पहिला प्रोग्राम माणूस हाताने भरायचा, समोरचे स्विच एकेक वर-खाली करून. लाईट गेली की सगळं परत पहिल्यापासून.

१९८१ च्या शेवटी ब्रिटनमध्ये एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम आणि बेसिक ही भाषा रॉम चिपमध्ये कायमची कोरलेली होती. बटण दाबा, बीप होणार, टायपिंगला तयार. मधेच वायर उपटली तरी तिचं काही बिघडत नाही, कारण रॉमवर कोणी लिहीतच नाही. १९८४ मध्ये आपल्या सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा भारतातल्या शाळांमध्ये हेच मशीन आलं. लाईट कधीही जाणाऱ्या देशाला असं मशीन सोयीचंच होतं.

त्याच एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम चिप घडवली. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्यातही बहुतेक तिचीच वंशज आहे. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप सुरू झाली. तिला किती करंट लागतो ते मोजायला गेले, तर मीटर शून्य दाखवतोय! झालं असं होतं की पॉवरची वायर जोडलेलीच नव्हती. बाकीच्या पिनांमधून झिरपणाऱ्या थोड्याशा विजेवर चिप चालत होती.

आता या २०१२ मध्ये. २९ फेब्रुवारीला केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि मंडळींनी रास्पबेरी पाय विकायला काढला. मुलांनी परत कोडिंग शिकावं हा हेतू. मॉडेल ए आणि बी ही नावंही बीबीसी मायक्रोचीच. पण मॉडेल बी ३५ डॉलरला द्यायचा, तर काटछाट आलीच. बोर्डावर हार्डडिस्क नाही, पीसीसारखा बायोस नाही. सगळा भार एसडी कार्डवर.

त्यामुळे जुन्या पायमध्ये, म्हणजे ३ पर्यंत, गोष्ट रिले रेससारखी चालते. पॉवर आली की आधी चित्रं काढणारा जीपीयू जागा होतो. मुख्य एआरएम प्रोसेसर झोपलेलाच असतो. चिपमधला एक छोटासा कायमचा प्रोग्राम कार्डावर ‘बूटकोड’ नावाची फाईल शोधतो. ती ‘स्टार्ट’ फाईलला उठवते, स्टार्ट कर्नल आणते आणि मग एआरएमला जाग येते.

बॅटन कुठे पडला, हे हिरवा दिवा सांगतो. ४ वेळा लुकलुकला तर स्टार्ट फाईल सापडली नाही. ७ वेळा, तर कर्नल सापडलं नाही. स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारखे रंग येऊन अडकला, तर स्टार्ट चाललं आहे, गाडी त्याच्या पुढे अडली. आणि हिरवा अजिबात नाही, तर कार्डावरचं पहिलंच पान वाचता आलेलं नाही. आमचं तेच झालं होतं. कार्डावर काही लिहिलं जात असतानाच वीज गेली की आतला हिशोब अर्धवट राहतो आणि कधी कधी अख्खं कार्डच बसतं.

लाल दिव्याचंही ऐका. बी प्लसपासून ३ पर्यंतच्या बहुतेक मोठ्या बोर्डांवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो. लाल दिवा मिणमिणत असेल तर आधी चार्जर आणि वायर बदला. आणि आपल्या उन्हाला उगाच शिव्या देऊ नका: चिप साधारण ८० अंशांवर गेली की वेग कमी करते, लगेच मरत नाही.

बनवणारेही चुकले बरं का. २०१५ मध्ये पाय २ चा फोटो झेनॉन फ्लॅशने काढला की तो बंद पडायचा; एका उघड्या चिपला तो झगमगाट सोसत नव्हता. २०१९ च्या पाय ४ मध्ये यूएसबी-सी पोर्टला एक रेझिस्टर कमी पडला, म्हणून काही चांगल्या, महागड्या वायरींवर तो चालूच होईना.

पण त्याच पाय ४ मध्ये एक मोठी सुधारणा आली. पहिला प्रोग्राम कार्डावरून काढून बोर्डावरच्याच एका छोट्या चिपमध्ये ठेवला. आता कार्ड खराब असलं तरी बोर्ड स्क्रीनवर सांगू शकतो की मला काय सापडत नाहीये. बघा, ३८ वर्षांनी गाडी परत बीबीसी मायक्रोच्या वाटेवर आली!

आमच्या व्हायवाचं काय झालं? गोलाणी मार्केटमधून नवं कार्ड आणलं, लॅपटॉपवरून सिस्टीम लिहिली, जुन्याच बोर्डात टाकलं. हिरवा दिवा लुकलुकला. आमचा कोड मात्र जुन्या कार्डासोबत गेला होता. रात्रीचं काम दोन तासांत जमेल तेवढं परत लिहिलं. मार्क कमी पडले. उसने पैसे फेडायला तीन महिने गेले.

म्हणून सांगतो, बोर्ड फेकण्याआधी क्रमाने विचारा: वीज पुरेशी आहे का, कार्ड वाचलं जातंय का, रिले कुठे थांबली? आणि कोडची कॉपी कार्डाबाहेर ठेवा. लाईट काय, आज ना उद्या जाणारच आहे.

तुमचा एखादा ‘मेलेला’ बोर्ड कपाटात पडलाय का? आज काढा आणि हिरवा दिवा मोजा. भेटू पुढच्या भागात!